साडेदहा शिट्ट्या

"आज दिवस मावळेपर्यंत मी एकाही कामाला हात लावणार न्हाई आन तोंडातून एक शब्द काढणार न्हाई. घर पोरी चालवतील. मी फक्त वाचणार!"

अठ्ठावीस फेब्रुवारीला सकाळी सकाळी मंजुळाबाईनं ही घोषणा केली, तेव्हा तिचा नवरा वैजनाथ अंगणात दात घासत होता. त्याचा हात तोंडातच थांबला. सगळं घर कुरुंदा गावापासून तीन किलोमीटरवर, शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरात राहायचं. आज त्यांची हळद शिजायची होती. वसमतहून अय्याज आपला वाफेचा कुकर ट्रॅक्टरला जोडून पहाटेच आला होता. तो स्वतः, त्याची चार माणसं आणि हळद वाहणाऱ्या नऊ बाया, अशी चौदा माणसं दुपारी जेवायला होती.

"आजच?" वैजनाथ फेस सांभाळत म्हणाला. "उद्या वाच ना!"

पण उद्या चालणार नव्हतं. मंजुळाबाईचं डी.एड. झालं होतं, नोकरी मात्र लागली नव्हती. तेव्हा तीन वर्षांपूर्वी तिनं थोरलीला शाळेतून काढलं, धाकटीला घातलंच नाही आणि गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःची शाळा काढली. विद्यार्थी दोन. थोरली वैष्णवी बारा वर्षांची, धाकटी गोदी सात वर्षांची. मास्तरीण, मुख्याध्यापक आणि शिपाई मंजुळाबाईच! शिवाय फोनवर तिचा ‘वाचत्या आया’ नावाचा गट होता. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकीनं किती पुस्तकं वाचली ते तिथं लिहायचं. भाकरी थापता थापता, दूध उतू जाऊ देत देत मंजुळाबाईनं जानेवारीत चार पुस्तकं संपवली होती. त्या भरात तिनं फेब्रुवारीसाठी पाच जाहीर केली. महिना दोन-तीन दिवसांनी तोकडा असतो हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आता पाचव्या पुस्तकाची एकशे नव्वद पानं उरली होती आणि दिवस एकच!

पाचवं पुस्तक मुलं कशी वाढवावीत यावर होतं. जाडीला विटेसारखं. त्यातल्या अकराव्या प्रकरणात लिहिलं होतं की, एक दिवस घर मुलांच्या हाती द्यावं आणि आईनं अजिबात मध्ये पडू नये, मुलं आपोआप शिकतात. मंजुळाबाईनं ते वाचलं आणि ती बाजेवरून उडालीच. पोरींचा धडाही होईल आणि पुस्तकही संपेल! तिनं लगेच गटावर कळवून टाकलं. पाच मिनिटांत दीडशे आयांनी बदाम पाठवले.

सासरे संतराम मात्र बदाम पाठवणाऱ्यांतले नव्हते. नाती शाळेत जात नाहीत हे त्यांना तीन वर्षं पायात मोडलेल्या काट्यासारखं सलत होतं.

"दिवसभर गप बसशील तू?" त्यांनी विचारलं.

"बसेन की, मामा."

"मग लाव पैज. दिवस मावळायच्या आत तोंड उघडलंस, तर जूनमधी पोरी शाळेत. न्हाई उघडलंस, तर ह्या जन्मात मी शाळेचं नाव काढणार न्हाई."

"लागली!" मंजुळाबाई म्हणाली. हा तिचा त्या दिवसाचा शेवटचा शब्द. मग ती लिंबाखालच्या बाजेवर पुस्तक घेऊन बसली. संतरामांनी दुसरी बाज ओढली आणि ते बरोबर समोर बसले. मांजर बिळासमोर बसतं तसे!

पहिला तास सुरेख गेला. वैष्णवीनं अंगण झाडलं, गोदीनं कोंबड्या सोडल्या. मंजुळाबाईनं तब्बल पंचवीस पानं वाचली. या हिशेबानं चारपर्यंत पुस्तक संपून वर एक डुलकी घेता येईल, असंही तिच्या मनात आलं.

मग वैष्णवी स्वयंपाकाची वही घेऊन बाहेर आली. ही वही मंजुळाबाईनंच तयार केली होती. चार माणसांच्या वांग्याच्या भाजीला मसाला दोन चमचे, वेळ वीस मिनिटं. वरणाला कुकरच्या तीन शिट्ट्या. सगळं मोजूनमापून.

"गोदे, चार माणसांला दोन चमचे, तर चौदा माणसांला किती?" वैष्णवीनं विचारलं आणि स्वतःच पाटीवर त्रैराशिक मांडलं. "सात!"

मंजुळाबाईचा ऊर भरून आला. बघा म्हणावं, शाळेत असं शिकवतात का! तिनं विजयी नजरेनं सासऱ्यांकडे पाहिलं.

"आन चार माणसांला वीस मिनिटं, तर चौदा माणसांला सत्तर मिनिटं!"

मंजुळाबाईची नजर तिथंच थिजली. वांगी सत्तर मिनिटं! तिनं तोंड उघडलं. संतराम पुढं झुकले. तिनं तोंड मिटलं आणि जांभई दिल्यासारखं केलं.

"जांभईला माफी हाय," संतराम उदारपणे म्हणाले. "खुणा केल्या तर मात्र बोललीस असं धरीन."

"आन चार माणसांला तीन शिट्ट्या," आतून वैष्णवीचा आवाज आला, "तर चौदा माणसांला साडेदहा!"

गणित बरोबर होतं. तेच तर दुःख होतं!

पाच लिटरच्या कुकरमध्ये चौदा जणांचं वरण दाबून बसवलं गेलं आणि शिट्ट्या सुरू झाल्या. एक, दोन, तीन... मंजुळाबाई एकशे तेविसाव्या पानावर होती. पहिली ओळ तिनं वाचली, ‘आईनं आपली चिंता मुलांना दिसू देऊ नये.’ चार, पाच. तीच ओळ पुन्हा वाचली. सात, आठ. दहाव्या शिट्टीपर्यंत ती ओळ तिला पाढ्यासारखी पाठ झाली होती.

दहा झाल्यावर वैष्णवी दारात आली. "आई, अर्धी शिट्टी कशी द्यायची?"

मंजुळाबाईचे कान लाल झाले.

"सांग की!" संतराम लाडानं म्हणाले. "लेकरू विचारून राहिलं!"

आई काही सांगत नाही म्हटल्यावर वैष्णवीनं गोदीला पिटाळलं. "पळ, बाबाला विचार, कुकर कवा बंद करायचा."

गोदी दोनशे पावलं पळत शेताच्या कडेला पोचली. तिथं वैजनाथ आणि अय्याज हळदीच्या कुकरजवळ घामाघूम होऊन उभे होते.

"बाबा, कुकर कवा बंद करायचा?"

वैजनाथला वाटलं, वडिलांनी, म्हणजे आबांनी विचारायला धाडलं असेल. त्यानं अय्याजकडं पाहिलं. अय्याजनं वाफ बघितली, ड्रमला कान लावला आणि जाणकारासारखं सांगितलं, "अजून पाऊण तास. आन आच बिलकुल कमी नको, बोल!"

गोदीनं निरोप जसाच्या तसा पोचवला. "पाऊण तास?" वैष्णवीला नवल वाटलं. पण बाबांचा शब्द! तिनं गॅस होता तसाच ठेवला.

अकरा. पंधरा. एकोणीस. लिंबावरचे कावळे उडून गेले. मंजुळाबाई बाजेवरून अर्धी उठली, बसली, पुन्हा उठली. तिनं पुस्तक धाडकन खाली टाकलं, कोणी तरी बघेल म्हणून. वैष्णवी पळत आली, तिनं पुस्तक उचलून झटकून आईच्या हातात दिलं आणि ती परत गेली. किती गुणी लेक! सव्विसाव्या शिट्टीनंतर कुकर एकदम गप्प झाला. ती शांतता शिट्ट्यांपेक्षा भयंकर होती. मग करपल्याचा वास आला.

वैष्णवी दारात आली आणि नाक फेंदारून म्हणाली, "गोदे, पळ! बाबाला म्हण, वरण जळून राहिलं वाटतं, कुकर बंद करू का?"

गोदी पळाली. पण तिसऱ्यांदा तेवढं अंतर तोडताना सात वर्षांच्या लेकराला धाप लागते. पोचेपर्यंत निरोप अर्धा झाला होता.

"बाबा! ताई म्हणली... कुकर बंद करा! जळून राहिलं!"

अय्याजचा चेहरा पांढराफटक पडला. "या अल्ला! कुठं जळालं? लाकडं ओढा! वाफ सोडा!" त्याच्या माणसांनी जळती लाकडं बाहेर ओढली, वैजनाथनं घागरभर पाणी जाळावर ओतलं, एकानं वाफेची तोटी उघडली. फुस्स! पांढरा ढग आभाळाला भिडला. नऊ बाया किंचाळत नऊ दिशांना पांगल्या.

तो ढग बघून संतराम बाजेवरून उडाले. "मेलो! हळद गेली!" म्हणत एका पायात चप्पल घालून धावत सुटले.

आता मंजुळाबाईवर पहारा नव्हता. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. ती हवं ते ओरडू शकली असती. पण ती होती हट्टी. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती स्वयंपाकघराकडं धावली. ती दारात पोचते तोच, फट्! कुकरच्या झाकणातली सुरक्षेची चकती उडाली आणि वरणाचं कारंजं थेट पत्र्यावर आदळलं. पोरी? गोदी शेतात होती. वैष्णवी दाराबाहेर उभी होती. तिनं शांतपणे परात उचलली, डोक्यावर धरली, वरणाच्या पावसातून आत गेली, गॅस बंद केला आणि बाहेर आली.

"चौदा माणसांचं छतालाच लागलं, आई," ती एवढंच म्हणाली.

मंजुळाबाईनं तिला घट्ट मिठी मारली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, तोंडात पदर, शब्द नाही.

तेवढ्यात सगळे धापा टाकत आले. "कोणता कुकर जळाला?" "तुमी बंद करा म्हणले ना!" "आमी कवा म्हणलो?" एकच कालवा झाला. गोदीला मध्ये उभी करून जबानी घेतली तेव्हा कुठं उलगडा झाला. अय्याजनं कपाळावर हात मारला. "भाबी, तुमी इथंच होता ना? तुमी तरी बोलायचं!"

भाबीनं पुस्तकात डोकं खुपसलं.

"बोल की!" वैजनाथ ओरडला. "काहून बोलून नाही राहिली?"

भाबीनं डोळे मिटले.

"अगं माय!" मजूर बायांची पुढारी रूपाबाई किंचाळली. "भेदरलं लेकरू! वाचा गेली तिची!"

मग काय! दोघी बायांनी मंजुळाबाईला बाजेवर आडवं केलं. एकजण तळपाय घासू लागली. रूपाबाईनं कांदा फोडून नाकाशी धरला, तोंडावर तांब्याभर पाणी मारलं. मंजुळाबाई दात आवळून पडून राहिली. हे बघून बायांची खात्रीच पटली. "दातखीळ बसली! चमचा आणा!"

घाबरलेला वैजनाथ सकाळची घोषणाच विसरला. त्यानं मोटारसायकल काढली. "वसमतला नेतो दवाखान्यात! अय्याज, मागं धरून बस तिला!"

चमचा तोंडापर्यंत आला तेव्हा संतरामांना राहवेना. ते लिंबाच्या खोडाकडं बघत पुटपुटले, "काय झालं न्हाई तिला. पैज हाय आमची."

"कसली पैज?"

संतरामांनी सांगितलं. रूपाबाईनं हातातल्या कांद्याकडं पाहिलं, मग संतरामांकडं, आणि तो कांदा तिनं संतरामांच्या हातात ठेवला. "धरा. तुमालाच लागंल."

"आबा!" वैजनाथ म्हणाला. "माझी चार क्विंटल हळद कच्ची राहिली आन तुमी पैज खेळून राहिले?"

हळद वाचली. अय्याजनं तासाभरात जाळ पुन्हा पेटवला आणि तो घाणा नव्यानं शिजवला. जेवायला भात होता, बायांनी आणलेल्या भाकरी होत्या आणि सत्तर मिनिटं शिजलेली, सात चमचे मसाल्याची वांगी होती. अय्याजनं पहिला घास घेतला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बहोत खूब बनवली, बेटा," तो कसाबसा म्हणाला आणि पाण्याची कळशीच जवळ ओढली.

दुपारभर पोरी राबल्या. चौदा ताटं घासली, करपलेला कुकर राखेनं खरवडला, शिडीवर चढून पत्र्यावरचं वरण पुसलं, जनावरांना पाणी पाजलं, पुन्हा चौदा माणसांचा चहा केला. चहासाठी त्रैराशिक मांडायला वैष्णवीनं साफ नकार दिला. मंजुळाबाई पुस्तक उघडून बसली होती. पान एकशे तेवीस.

अखेर सूर्य हळदीच्या ढिगामागं गेला. संतराम हळूहळू उठले. अंगणातल्या सगळ्यांसमोर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"जिंकलीस, मंजुळा. कबूल. पोरी घरीच शिकतील. आजपासून ह्या तोंडातून शाळेचं नाव न्हाई!"

मंजुळाबाईचा चेहरा उजळला. तीन वर्षांची लढाई! दिवसभर तिनं मनात एक मोठं भाषण रचून ठेवलं होतं. ती उभी राहिली, पदर सावरला, घसा खाकरला.

"आई," मध्येच वैष्णवी म्हणाली. तिच्या कपाळाला राख होती, केसांत तुरीच्या डाळीचा दाणा. "शाळेत आता जेवण कोण बनवतं?"

"स्वयंपाकाच्या मावशी असतात," संतरामांनीच सांगितलं. नातीनं विचारलं म्हटल्यावर त्यांनाही राहवलं नाही.

"आन कुकर कोण घासतं?"

"त्याच."

"मधी सुट्टी होती?"

"व्हय, घंटा वाजती."

"रविवारी बी सुट्टी?" गोदी डोळे विस्फारून पुढं आली.

"रविवारी तर पूर्ण दिवस!"

दोघी बहिणींनी एकमेकींकडं पाहिलं. मग वैष्णवीनं आईचा हात धरला आणि ती अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "आई, तू वाच निवांत. आमाला शाळेत घाल."

वैजनाथ हसू दाबायला मोटारसायकलमागं गेला. संतरामांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि ते आभाळातली पहिली चांदणी शोधू लागले.

आता बोलायची पुरेपूर मोकळीक होती, ऐकायला चौदा माणसं होती. मंजुळाबाईनं तोंड उघडलं. आणि दिवसभरात पहिल्यांदाच तिला बोलायला काही सुचेना.