अण्णांच्या कोंबड्या आणि माझी बादली

अण्णा माझी बादली तपासतात. छत्तीस वर्षं मी शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या, आता म्हातारपणी माझीच तपासणी. आणि खरं सांगते, मी त्यांना घाबरते.

हडपसरातली आमची इमारत उभी राहिली ती अण्णांच्या शेतात. त्यांनी घर आणि परस तेवढं ठेवलं, परसात सात कोंबड्या. सालं, देठं, शिळी पोळी असं सगळं बादलीत भरून सकाळी आठच्या आत त्यांच्या फाटकाला अडकवायचं, हा आमच्या इमारतीचा रिवाज. दुसरा कुणी असता तर बादली उपडी करून मोकळा झाला असता. अण्णा उकिडवे बसून एकेक साल उचलून बघतात.

"बाई, ह्यो हिरवा बटाटा! कोंबडी मारता काय?"

"चुकलं हो अण्णा." मी नारायण पेठेत वाढलेली, तोवर हा शब्द माझ्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

त्याहून वाईट म्हणजे बादलीवरून त्यांना घरातलं सगळं कळतं. मी एकटी. कंटाळा आला की चहा-ब्रेडवर भागवायची. एकदा दोन दिवस नुसती केळ्याची सालं गेली, तर भर फाटकात गरजले, "जेवला न्हाय व्हय? खराडीला पोराला फोन लावू?" मुलाला कळलं तर तो फ्लॅटला कुलूप घालून मला घेऊन जाईल, हीच तर माझी धास्ती. तेव्हापासून रोज निमूट भाजी चिरते. निव्वळ भीतीपोटी दुधी खाणारी अख्ख्या पुण्यात मी एकटीच असेन.

गेल्या महिन्यात बाथरूममध्ये घसरले. पाय हलेना, फोन पलंगावर. ओरडले, पण शेजारचे गावाला गेलेले. जाम घाबरले. इथेच पडून राहणार आणि कुणाला पत्ताही लागणार नाही! आणि त्यात मेलं डोक्यात काय यावं? आठ वाजून गेले, बादली गेली नाही, अण्णा आता ओरडणार.

सव्वाआठला बेल वाजली, मग दारावर थापा. "बाई! बादली कुठाय?" आवाज चढलेला नव्हता, कापत होता. मी हाक मारली. अण्णांनी आणि वॉचमनने मिळून दार तोडलं.

दवाखान्यात पायाला प्लास्टर घातल्यावर मी म्हटलं, "अहो, पंधरा मिनिटांत तीन जिने चढून आलात? मी नुसती विसरले असते तर?"

अण्णा खाली बघत म्हणाले, "आमची कारभारीण परसात पडली व्हती. कोंबड्या सकाळधरनं वरडत व्हत्या. मी आपला खाटंवरनं म्हणलो, भुकेल्या असत्याल, घालंल ती कायतरी."

मुलगा न्यायला आलाच. अण्णा त्याला म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाईंना हितंच. मी रोज येऊन बादली बघतो."

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून पावणेआठलाच मी दार उघडलं. अण्णा आधीच बाहेर उभे होते. त्यांनी बादलीचं झाकण काढलं, दोडक्याची सालं बघितली, आणि मग कुठे श्वास सोडला.