नमुना क्रमांक दोन

इस्त्रीवाल्यानं सायकलवरूनच फेकलेलं पार्सल टेलर मास्तरांनी झेललं, टेबलावर ठेवून सुतळी सोडली आणि कागद उलगडताच त्यांचा चेहरा उतरला. आत पांढरा कोट होता, पण तो त्यांचा नव्हता. अशी कॉलर त्यांनी निदान शुद्धीत असताना तरी लावली नसती. खिशाला टाचणीनं चिठ्ठी अडकवलेली होती : 'नमुना क्रमांक दोन'. मास्तरांचा नमुना क्रमांक एक होता.

दोन नंबर म्हणजे समोरचा. रस्त्यापलीकडच्या टेलरला मास्तर गेली चौदा वर्षं 'समोरचा' एवढंच म्हणत आले होते. त्याला काही नावही असेल, असा विचार त्यांनी कधी केला नव्हता. इस्पितळाला डॉक्टरांसाठी दोनशे पांढरे कोट शिवून हवे होते. दोघांना सारखंच कापड देऊन एकेक नमुना मागवला होता आणि तो आजच, संध्याकाळी पाचला दाखवायचा होता. कोपऱ्यावर तयार कपड्यांचं मोठं दुकान उघडल्यापासून मास्तरांकडे नवं कापड घेऊन कुणी येईनासं झालं होतं. आठ महिने ते नुसत्या दुसऱ्यांनी शिवलेल्या पँटी आखूड करत होते. हे काम गेलं तर मशीन विकून त्याच दुकानात कपड्यांच्या घड्या घालत उभं राहावं लागेल, हे त्यांना ठाऊक होतं आणि मास्तरीणबाईंनाही.

त्यांनी इस्त्रीवाल्याला फोन लावला.

"अदलाबदल झाली असेल," तो निवांतपणे म्हणाला. "दोन्ही पांढरेच की हो. तुमचा त्यांच्याकडे गेला असणार. घ्या बदलून, समोरच तर आहे दुकान!"

"बरोबर बोलला तो," मास्तरीणबाई आतून म्हणाल्या. "वीस पावलं चाला आणि देऊन या भाऊजींना."

समोरच्याला त्या भाऊजी म्हणत, हे मास्तरांचं जुनंच दुखणं होतं. "अगं, भाऊजी कसला? वैरी आहे तो माझा."

"असू दे. पण कोट त्याचाच आहे ना?"

कोट त्याचाच होता, त्याबद्दल वाद नव्हता. पण मास्तर उठेनात. त्यांची नजर काखेतल्या शिवणीवर खिळली होती. काखेतला एकच धागा, आतल्या बाजूनं, हलकेच कापला तर? वरून काही दिसणार नाही. पण डॉक्टरनं हात वर केला की टर्रकन उसवणार, आणि तेही इस्पितळातल्या मोठ्या सिस्टरांच्या समोर. मास्तरांनी कात्री उचलली. दोनशे कोट एका टाक्यावर लोंबकळत होते. पण ती तशीच हवेत राहिली. उभ्या आयुष्यात माप घेतल्याशिवाय त्यांनी कापडाला कात्री लावली नव्हती, आणि असल्या कामाचं माप त्यांना घेता येईना. त्यांनी कात्री खाली ठेवली. त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

शरम फार वेळ टिकली नाही, कारण तेवढ्यात त्यांचं लक्ष रस्त्यापलीकडे गेलं. समोरच्याचं शटर अर्धं खाली होतं. भर दुपारी!

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. त्याचा कोट माझ्याकडे, म्हणजे माझा कोट त्याच्याकडे. आणि कात्री काय एकट्या माझ्याकडेच आहे? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. जे आपल्याला सुचलं ते त्या लबाडाला सुचल्याशिवाय कसं राहील, आणि तेही अर्ध्या शटरच्या आड?

"मी आत्ताच्या आत्ता जाऊन माझा कोट घेऊन येतो," ते म्हणाले आणि पार्सल बांधायला कोटाची घडी घालू लागले. तर वरचं बटण लोंबत होतं.

"बघ, बघ! हे मी असंच नेलं तर तो काय म्हणेल? मीच सैल केलं म्हणेल!"

"मग सांगा त्यांना, आधीपासूनच सैल होतं म्हणून."

"आणि तो ऐकेल? मी तरी ऐकलं असतं का?"

त्यांनी सुई ओवून बटण पक्कं केलं. आता ते एकच बटण ताठ उभं राहिलं आणि बाकीची चार माना टाकलेली दिसू लागली. हे तर सरळसरळ पकडलं जाणार! त्यांनी चारही काढून नव्यानं लावली. लावताना एका काजात सुई अडकली आणि काजाच्या कडेचा दोरा सरसर सुटून हातात आला. काजं मशिनची होती, तीही उरकून टाकलेली. मास्तरांनी ते काज हातानं बारीक टाके घालून नीट केलं. झालं, पाचांत एकच काज राजबिंडं दिसायला लागलं. मग उरलेल्या चारांनाही त्याच्या बरोबरीला आणणं भागच होतं.

मास्तरीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या. "अहो, तुम्ही त्यांचा कोट शिवताय?"

"मी स्वतःला वाचवतोय."

"नमुना नंबर दोन सुधारेल हो," त्या म्हणाल्या. "नमुना नंबर एकचं काय करायचं ते मला विचारा, तो घरात आहे."

तीन वाजता मास्तर रस्ता ओलांडून शटरखालून वाकून आत गेले. समोरचा टेबलाशी बसला होता आणि पार्सल त्याच्या पुढ्यात होतं. दोघांनी एकमेकांकडे दोन मांजरांसारखं बघितलं.

"इस्त्रीवाल्याला फोन केला होता," मास्तर म्हणाले. "अदलाबदल झालीय."

"मला त्याचाच आला. दुपारी बाराला." त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "तुम्ही उघडलं नाही ना?"

"मी कशाला उघडू? तुम्ही?"

"छे! मी जेवत होतो."

"तीन तास?"

"सावकाश जेवतो मी."

"आणि शटर का अर्धं?"

"ऊन येतं."

"ऊन रोजच येतं."

समोरचा लाल झाला. मास्तरांना पुरावा मिळाला. पार्सलं बदलून ते तीरासारखे घरी आले.

"अहो, ह्याची तर इस्त्रीवाल्याची गाठसुद्धा सुटलेली नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तीच तर मेख आहे! इतकी जशीच्या तशी गाठ कशी राहते? सोडून पुन्हा हुबेहूब बांधलीय."

त्यांनी कोट उलटा केला. बटणं ओढून पाहिली, पक्की होती. कॉलर सरळ, खिसे सारखे, काखेतली शिवण शाबूत. कुठेच काही सापडेना, तसतसा मास्तरांचा जीव खालीवर होऊ लागला.

"काहीच केलं नाही, याचा अर्थ असं काहीतरी केलंय जे दिसतच नाही!"

"याचा अर्थ काहीच केलं नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आता पाय धुवा आणि निघा."

पण मास्तरांनी उजव्या बाहीची शिवण दोन्ही हातांनी ताणली. टिकली. आणखी ताणली, तरी टिकली. तेव्हा दोरा आतून तर कापला नसेल ना, हे पाहायला त्यांनी ती थोडी उसवली. थोडीशी उसवून आतलं काय दिसणार? म्हणून आणखी उसवली. साप साप म्हणून भुई धोपटता धोपटता सव्वाचारला बाही त्यांच्या हातात आली. आत दोरा होता, तोही त्यांचाच, आणि तो अगदी ठणठणीत होता.

मग जी धांदल उडाली ती सांगण्यात अर्थ नाही. मशीन धडधडली, दोरा दोनदा तुटला, इस्त्री तापायला वेळ लागला. पाचला पाच मिनिटं असताना मास्तर पार्सल घेऊन इस्पितळाकडे धावले.

मोठ्या सिस्टरांनी दोन तरुण डॉक्टरांना दोन कोट घालायला दिले. नमुना क्रमांक एक घातलेल्या डॉक्टरचा डावा हात पुढे होता आणि उजवा, काही केल्या, पाठीमागे वळत होता. घाईत बाहीची मागची बाजू पुढे बसली होती.

"हात दुखतोय का तुमचा?" सिस्टरांनी विचारलं.

"आधी नव्हता दुखत," डॉक्टर म्हणाला.

मास्तरांनी मान खाली घातली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सिस्टर दुसऱ्या कोटाकडे वळल्या. कॉलरकडे बघून त्यांनी नाक मुरडलं, पण बटण काढताना त्यांचा अंगठा काजावर थांबला. त्यांनी चष्मा लावला. "ही हाताची काजं आहेत! वीस वर्षांत अशी पाहिली नाहीत. आमचे कोट आधी काजांपाशीच फाटतात." त्या समोरच्याकडे वळल्या. "दोनशे कोट तुम्ही शिवा. पण एकूण एक काज असंच हवं. मशिनचं एकही दिसलं तर सगळे परत पाठवीन."

समोरचा काजांकडे असा बघत होता, जणू ती त्याच्या कोटात कुणीतरी चोरून ठेवली होती. मग त्यानं मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी छताकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मशीन पुसत होते. विकायची तर निदान चकचकीत तरी दिसावी. समोरचा आला आणि स्टुलावर बसला.

"खरं सांगा, मास्तर. काय केलंत माझ्या कोटाला?"

"बटण सैल होतं."

"बटण सैल होतं म्हणून पाच काजं?"

"ते वाढत गेलं," मास्तर म्हणाले. मग त्यांना लपवणं नकोसं झालं. "आधी कात्री उचलली होती मी. काखेतला टाका कापायला. नाही कापवलं."

समोरच्यानं टेबलावरच्या कात्रीकडे पाहिलं. "मीही उचलली होती," तो म्हणाला. "पार्सलची सुतळी कापायला. मग उठून शटर ओढलं. तुमचं दुकान दिसत होतं हो समोर, लाज वाटली. तीन तास नुसता बसलो होतो, तुम्ही कधी येताय म्हणून."

म्हणजे त्या बाहीला कुणी बोटही लावलं नव्हतं. मास्तर पुसलेली मशीनच पुन्हा पुसू लागले.

"वहिनी, तुम्हीच सांगा यांना," समोरचा म्हणाला. "हजार काजं आहेत. मला हाताचं एकही येत नाही. आणि कॉलर मला जमत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. निम्मे कोट यांनी शिवावेत, कॉलरी आणि काजं सगळी यांची. निम्मं निम्मं. काम माझं, काज यांचं."

"मग कामकाज सुरू करा की," मास्तरीणबाई म्हणाल्या.

समोरचा पहिला गठ्ठा ठेवून गेला. मास्तरांनी गठ्ठ्याकडे बघितलं, रस्त्यापलीकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, पण हा एवढा सरळ का वागतोय? यात काहीतरी..."

मास्तरीणबाईंनी टेबलावरची कात्री उचलून कमरेला खोचली.

"अगं, असं काय करतेस? काज कापायला कात्री लागेल की!"

"लागेल तेव्हा मला हाक मारा," त्या म्हणाल्या. "मी कापून देईन."