हौशा-नंद्याची खांदेमळण

आमच्या ह्यांनी यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटरची खांदेमळण केली.

खोटं वाटेल, पण केली. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे घासतात, म्हणून त्या दिवशी त्यांना तूप-हळद चोळतात. हसनाबादची शेती बटईने देऊन आम्ही जालन्यात मस्तगडला राहायला आलो, तेव्हा आमची बैलजोडी विकली. तेव्हापासून ह्यांचे हात नुसते शिवशिवत होते. मग नातू शिकायला पुण्याला गेला, त्याचा गेम खेळायचा कॉम्प्युटर मागे राहिला आणि ह्यांना सत्तराव्या वर्षी ट्रॅक्टर पळवायचा गेम सापडला.

त्या कॉम्प्युटरच्या डब्यात पडद्यावर चित्रं आणणारं एक ग्राफिक्स कार्ड होतं. ह्यांनी त्याच्या शेजारी दुसरं, नवं, दुप्पट लांबीचं बसवून घेतलं. विकलेल्या बैलांची नावं त्यांना दिली. नवं ते हौशा, जुनं ते नंद्या. दोन्ही ना एका कंपनीची, ना एका वयाची. हौशावर ह्यांचा ट्रॅक्टर, नंद्यावर शेजारच्या दुसऱ्या पडद्यावर मी बघते त्या कुस्त्या.

कुणी आलं की हे डब्याचं झाकण उघडणार. "जोडी विजोड हाये, पण चाल बघा, चाल!" चाल कसली? आत दोन पंखे फिरत. पाहुणे माना डोलवत चहा संपवत.

विजोड जोडीचं मला काय कौतुक! लग्नात मीच ह्यांच्याहून चार बोटं उंच. तेव्हाची मी म्हणजे अशी दीडशहाणी, की बाजारात ह्यांच्या दहा पावलं पुढे चालायची. लोकांना वाटावं, मागचा बुटका पिशवीवाला कुणी भलताच. एकदा भाजीवालीने विचारलं, "बाई, हमाल तुमचाच का?" मी बिनदिक्कत "हो" म्हणाले! तेव्हाच्या त्या माझ्यातल्या पोरीला आज कुठे गाठता आलं, तर कान उपटीन.

तर, ऐन पोळ्याला डबा मुका. दुरुस्तीवाला कैलास आला, झाकण काढून वास घेतला.

"काका, याच्यात तूप टाकलं का?"

"टाकलं न्हाई. चोळलं. दोन बोटं."

कैलासने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

पुसून पुसून हौशा चालू झाला. नंद्या उठेना.

"जुनं काढून टाका काका. दोन्ही पडदे नव्यावर बराबर चालतेत. उलट जुन्यानं डबा तापून राह्यलाय."

"न्हाई."

"अहो, पण गरजच काय त्याची?"

"पोळ्याच्या दिवशी जोडी फोडायला सांगतो का रे?"

ह्यांनी पुरणपोळीला हात लावला नाही. डब्याजवळ स्टूल ओढून बसले, आजारी जनावरापाशी बसावं तसे. ह्यांच्या वाट्याच्या दोन पोळ्या कैलासनेच खाल्ल्या आणि बहुधा त्या लाजेने पुन्हा स्क्रू उघडले. चार वाजता नंद्याचा पंखा घरघरला. माझा पैलवान अडखळत, तुकड्यातुकड्यांनी पडद्यावर आला.

"लई हळू हाये हे, काका."

"असू दे. हौशानं थांबायचं त्याच्यासाठी."

दिवेलागणीला आम्ही मारुतीला निघालो. माझे गुडघे गेलेत, आता मीच दहा पावलं मागे. गल्लीच्या तोंडाशी हे थांबले आणि वाकून चपलेचा पट्टा लावू लागले. रोज तिथेच लावतात. मी रोज कुरकुरते, की चांभाराकडे एकदा जाऊन या.

आज जवळ पोहोचल्यावर खाली पाहिलं. चपलेला लावायला मुळात पट्टाच नव्हता.