बाई वर्गात प्रवेश करीत आहेत

माणूस गेल्याची उणीव नेमकी कोणत्या दिवशी भासते, याबद्दल मतभेद आहेत. कुणी म्हणतात लगेच, कुणी म्हणतात पाहुणे पांगल्यावर. दुसरीच्या वर्गाच्या बाईंच्या बाबतीत मात्र वादाला जागा नाही. बाई शनिवारी संध्याकाळी इस्पितळात वारल्या आणि ही हानी सोमवारी सकाळी, शाळा भरल्याबरोबर, उघडकीला आली. दुसरीच्या वर्गातला स्मार्ट बोर्ड सुरू होईना.

वर्गात तंत्रज्ञान आणताना सुरक्षेची फार काळजी घ्यावी लागते. (कुणी भुरटा शाळेत शिरून परस्पर दुसरीचा धडा शिकवून जाईल, ही शक्यता गृहीत धरलेली आहे.) म्हणून बोर्ड रोज सकाळी वर्गशिक्षिकेच्या मोबाइलवर सहा आकड्यांचा ओटीपी पाठवतो आणि तो घातल्याशिवाय उघडत नाही. बाईंचा मोबाइल त्या दिवशी त्यांच्या मिस्टरांच्या शर्टाच्या खिशात होता. इस्पितळातल्या नर्सने चष्मा, घड्याळ आणि मोबाइल अशा तीन वस्तू त्यांच्या हातात दिल्या होत्या. दोन त्यांनी कपाटात ठेवल्या, तिसरी ठेवायची राहून गेली.

बाईंचे मिस्टर म्हणजे चौकातले सलूनवाले. दुकान त्यांचे, पण ओळख बाईंची. सगळे त्यांना ‘बाईंचे मिस्टर’च म्हणत आणि त्यांनाही त्यात काही वावगे वाटत नसे.

सोमवारी मुख्याध्यापक दोन शिक्षकांना घेऊन त्यांच्या घरी भेटायला आले. बाईंच्या जाण्याने शाळेची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे, असे ते म्हणाले आणि पाणी प्यायले. तेवढ्यात मिस्टरांच्या खिशात मोबाइल वाजला.

“आलाच वाटतं,” मुख्याध्यापक हळू आवाजात म्हणाले. “बघता का जरा? सहा आकडे असतील.”

मिस्टरांनी आकडे वाचले, मुख्याध्यापकांनी ते फोनवरून शाळेत कळवले आणि बोर्ड उघडला. हानी भरून यायला चार मिनिटे लागली.

दुसऱ्या दिवशी सांत्वनाला कुणी आले नाही, नुसता फोन आला. शाळेतल्या शिपाई मावशी बोर्डाचे बटण दाबत, बाईंच्या मोबाइलवर मेसेज येई, मग मावशी मिस्टरांच्या मोबाइलवर फोन करून आकडे विचारत. मिस्टरांनी दुकान पुन्हा उघडले तेव्हा ही पद्धत दुकानात सुरू झाली. आरशापुढच्या फळीवर पावडरच्या डब्याशेजारी बाईंचा मोबाइल ठेवलेला असे. तो वाजला की वस्तरा खाली, रेडिओ बंद आणि गिऱ्हाईक एका गालाला साबण तसाच ठेवून स्वस्थ. प्राथमिक शिक्षणासाठी नागरिकांनी इतका वेळ तोंड बंद ठेवल्याचे दुसरे उदाहरण सापडणार नाही.

“गेल्या का बाई वर्गात?” एखादा विचारी. “मग आता माझ्या मिशीकडे बघा.”

मेसेजमध्ये आकड्यांच्या आधी एक ओळ असे. ‘शुभ सकाळ. आपण वर्गात प्रवेश करीत आहात.’ मावशींना फक्त आकडे लागत. वरची ओळ मिस्टर मनात वाचत, आणि आकडे सांगायला त्यांना जरा उशीर होई.

बोर्डाला जोडलेला नंबर बदलावा, असे शाळेला सुचले नाही असे नाही. मुख्याध्यापकांनी रीतसर अर्ज केला. नंबर बदलण्यासाठी खातेदाराची संमती लागते आणि संमती देण्यासाठी खातेदाराला कॅमेऱ्यापुढे बसून दोनदा डोळे मिचकावावे लागतात. हे जमण्यासारखे नव्हते. मग त्यांनी बाईंची रजा टाकायचे ठरवले. रजेच्या कारणांत आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण आणि ‘इतर’ असे चार पर्याय होते. मृत्यू ‘इतर’मध्ये बसत होता, पण तिथे ‘कामावर परतण्याची अपेक्षित तारीख’ भरल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हते. मुख्याध्यापक आशावादी गृहस्थ. त्यांनी उन्हाळी सुट्टीनंतरची तारीख घातली. तरीही अर्ज फेटाळला गेला. शेवटी त्यांनी मृत्यूचा दाखलाच वर पाठवला. त्याला आलेले उत्तर असे: ‘सदर शिक्षिका आज सकाळी वर्गात उपस्थित असल्याची नोंद आहे. कृपया अर्जदाराने खातरजमा करून घ्यावी.’

बाई उपस्थित असल्यामुळे जागा रिकामी नव्हती. जागा रिकामी नसल्यामुळे नवीन शिक्षक मिळत नव्हता. नवीन शिक्षक नसल्यामुळे बोर्ड चालू ठेवणे भाग होते, आणि बोर्ड चालू असल्यामुळे बाई उपस्थित होत्या. एवढी बिनचूक व्यवस्था शिक्षणखात्यात याआधी कधी झाली नसेल.

या व्यवस्थेचे निकालही चांगले आले. बाई हयात असताना त्यांची उपस्थिती चौऱ्याऐंशी टक्के होती (शेवटच्या वर्षी इस्पितळाच्या खेपा वाढल्या होत्या). वारल्यानंतर ती शंभर टक्के झाली. हयातीत त्यांच्या नावावर ‘निष्क्रिय वेळ’ फार असे. बाई अर्धा तास बोर्ड दाखवत, मग तो बंद करून चार-चार मुलांना जवळ बसवत आणि प्रत्येकाचे वाचन ऐकत. ऐकण्यासाठी प्रणालीत रकाना नव्हता, म्हणून तो वेळ निष्क्रिय धरला जाई. त्याबद्दल त्यांना लेखी समजही मिळाली होती. घरी जेवताना बाईंनी ती मिस्टरांना वाचून दाखवली आणि म्हणाल्या, “मी बसून खाते म्हणे.” आता निष्क्रिय वेळ शून्य होता. ‘विद्यार्थ्यांशी भावनिक संवाद’ हे सक्तीचे प्रशिक्षण तेवढे राहिले होते. ते पूर्ण झाल्याशिवाय ओटीपी येईना, तेव्हा मिस्टरांनी दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात ते बाईंच्या वतीने पूर्ण केले. शंभरपैकी एक्क्याण्णव गुण पडले. प्रमाणपत्र बाईंच्या नावाने आले.

मेहुणी दर रविवारी डबा घेऊन येई. तिने एकदा फळीवरचा मोबाइल चार्जरला लावलेला पाहिला.

“भावोजी, ताई नाही हे त्या मशीनला कधी सांगणार?”

“सांगितलंय. ऐकत नाही.”

“आणि तुम्ही?”

मिस्टरांनी डबा उघडून भाजी कसली आहे ते पाहिले.

पालकांची मात्र काहीच तक्रार नव्हती. बोर्ड सुरू झाला की प्रत्येक पालकाच्या मोबाइलवर हिरवी खूण येई: ‘आपल्या पाल्याचे शिक्षण सुरू झाले आहे.’ दुपारी दुसरी खूण येई: ‘आपल्या पाल्याने आजचे उद्दिष्ट गाठले आहे.’ पूर्वी मुलाला काही येते का, हे पाहायला पालकांना मुलाजवळ बसावे लागे. तो त्रास वाचला.

या खुणांचा सर्वांत मोठा चाहता म्हणजे एक निवृत्त हेडक्लार्क. सगळे त्यांना आजोबा म्हणत. त्यांची नात दुसरीत होती. एका सुट्टीच्या दिवशी ते तिला घेऊन दाढीला आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले की पोरीने वाचनाची चौथी पातळी ओलांडली. त्यांच्या मुलाला या वयात साधा बाराखडीचा पत्ता नव्हता.

नात बाकावर बसली होती. तिने वर्तमानपत्र मांडीवर घेतले आणि मोठ्या मथळ्यातल्या एका शब्दावर बोट दाबून धरले. थोडा वेळ थांबली. मग पुन्हा दाबले, जरा जोरात.

“काय करतेस गं?” मिस्टरांनी विचारले.

“हे बोलत नाही.”

“तू वाच की.”

“आम्हाला नाही वाचायला लागत,” ती समजावणीच्या सुरात म्हणाली. “दाबलं की ते वाचतं. मग टाळ्या वाजतात.”

“आणि बाई असताना?”

“बाई दाबू द्यायच्या नाहीत.” तिने वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली. “मी ‘पुस्तक’पर्यंत आले होते. ‘स्त’ अवघड होता. बाई म्हणाल्या, उद्या.”

आजोबांनी आरशातून नातीकडे कौतुकाने पाहिले आणि पोरीची स्मरणशक्ती दांडगी आहे, असे सांगितले. मिस्टरांनी त्यांची दाढी पुरी केली. त्या दिवशी आजोबांच्या हनुवटीखाली एक पट्टा तसाच राहून गेला, पण तो त्यांना घरी गेल्यावर दिसला.

दुसऱ्या दिवशी मिस्टर शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटले आणि यापुढे ओटीपी सांगणार नाही, म्हणाले. मुख्याध्यापकांनी प्रथम संस्थेच्या बाजूने विचार केला: बोर्ड बंद राहिला तर शाळेचा क्रमांक घसरेल, पालक तक्रार करतील आणि बाईंच्या स्वच्छ नोंदीला डाग लागेल. मग त्यांनी उठून दार लोटून घेतले.

“हे मी बोललो नाही,” ते म्हणाले. “पण शिक्षक सलग दोन आठवडे गैरहजर राहिला, तर जागा आपोआप रिकामी होते. अर्ज नको, दाखला नको. फक्त मधे एकही दिवस हजेरी लागता कामा नये. लागली, की पुन्हा पहिल्यापासून.”

म्हणजे बाई गैरहजर राहिल्या तर मुलांना बाई मिळणार होत्या. मिस्टरांना हे एकदा ऐकून कळले.

मेहुणीला त्यांनी सगळे सांगितले. ती म्हणाली, मग तो फोन आजच बंद करा आणि कपाटात टाका. मिस्टर हो म्हणाले.

त्यांनी फोन बंद केला नाही. ओटीपी सांगायचा नाही एवढेच ठरले आहे, वाजू द्यायला काय हरकत आहे, असा त्यांनी विचार केला. मावशी नियमाप्रमाणे रोज बटण दाबत. रोज सकाळी मोबाइल वाजे, मिस्टर वस्तरा खाली ठेवून वरची ओळ वाचत आणि मोबाइल पालथा घालत. मग मावशींचा फोन येई, तो ते वाजू देत.

पहिल्या आठवड्यात पालकांच्या खुणा बंद झाल्या आणि हाहाकार उडाला. मुले शाळेत जात होती, घरी येत होती, पण शिकत होती की नाही हे कळायला मार्ग उरला नाही. एक आई म्हणाली, मुलाला विचारून पाहिलं, पण त्याच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा? दुकानात गिऱ्हाइके कुजबुजत. आजोबांना झोप लागेना. नात वर्गात कागदी होड्या करते, हे त्यांना कळले होते. पण त्यांचे दुःख ते नव्हते. होड्या ती आधीही करीत असे, तेव्हा खूण येत होती.

मुदत संपायला दोन दिवस होते. आजोबा बाकावर आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते. मिस्टरांनी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा धरला होता, तेव्हा बाईंचा मोबाइल वाजला. गळ्यावरून वस्तरा अर्ध्यात उचलता येत नाही. पाठोपाठ दुसरा मोबाइल वाजला. आजोबांना सगळी पद्धत पाठ होती. ते तत्परतेने उठले, चष्मा वर सरकवला, एका हातात बाईंचा मोबाइल आणि दुसऱ्या हातात मिस्टरांचा घेतला आणि मावशींना सहा आकडे खणखणीत आवाजात सांगून टाकले.

“असू द्या,” ते मिस्टरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. “तुम्ही दुःखात आहात. अशा वेळी माणूस विसरतो.”

थोड्याच वेळात त्यांच्या खिशात खूण आली. त्यांनी ती दुकानातल्या सगळ्यांना दाखवली. खुर्चीतल्या माणसाने साबणासकट मान हलवून समाधान व्यक्त केले.

त्या सकाळी गावभर खुणा आल्या आणि पालक आपापल्या कामाला लागले. आपल्याही मोबाइलवर आली असेल. आली असेल, तर काळजीचे कारण नाही. कुठेतरी, कुणीतरी आकडे सांगितले आहेत. मुलाला जवळ घेऊन एखादी ओळ वाचायला लावण्याची गरज नाही, आणि आपण तसे केलेलेही नाही.

दुसरीच्या वर्गाला ‘स्त’ शिकवायचा राहिला आहे. दोन आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे आहेत. फोन बंद करायचा राहिला आहे.