हारवाच्या भुवया

हारवा पाववाल्याला आपल्या भट्टीचा भारी अभिमान. "आग माझ्या शब्दाबाहेर नाही!" असं तो प्राचीन इजिप्तमधल्या बुबास्तिसच्या बाजारात ज्याला त्याला ऐकवायचा. आज तर मांजरदेवीच्या उत्सवाच्या पावांचं काम कुणाला द्यायचं ते ठरवायला खुद्द पुजारीबुवा त्याच्याकडे येणार होते. ते मिळालं की जन्माचं कल्याण! पाव कसे फुगलेत ते बघायला त्याने भट्टीत डोकं घातलं. भट्टी भडकली. डोकं शाबूत बाहेर आलं, भुवया मात्र आतच राहिल्या!

डावीकडे चार केस उरले होते. ते भलतेच विचित्र दिसायला लागले, म्हणून त्याने वस्तऱ्याने तेही उडवले आणि तिथेच फसला. घरचं मांजर मेलं की घरच्यांनी भुवया काढायच्या, हा गावचा रिवाज. शेजारच्या इरेतमावशींनी दारातून पाहिलं आणि हंबरडाच फोडला.

"अगं बाई! मिऊ गेली?"

बुवा यायच्या दिवशीच पाववाल्याने स्वतःला भाजून घेतलं, हे कुठल्या तोंडाने सांगणार? हारवाने मान खाली घातली. बघता बघता अख्खी गल्ली गोळा झाली. मिऊच्या नावाने रोज बोटं मोडणारा मासेवालासुद्धा ढसाढसा रडला! तेवढ्यात मावशींची नजर हारवाच्या बायकोवर गेली.

"काय गं ताबेस, तुझ्या भुवया जागच्या जागी? मांजर काय एकट्या त्याचंच होतं?"

ताबेसने नवऱ्याला ओढत आत नेलं. मिऊ पिठाच्या पोत्यावर मजेत घोरत होती.

"अहो, ही काय मेलेली दिसते?"

"हळू बोल! हातचं काम जाईल. भुवया काय, परत उगवतील!"

"उद्या माझ्या बहिणीकडे मेजवानी आहे! काजळाने रेखू काय, तुमचं कपाळ?"

"नवी कर्णफुलं करीन तुला!"

ताबेसने दातओठ खात वस्तरा उचलला.

ती बाहेर येते न येते तोच पुजारीबुवा हजर! दोघांचे गुळगुळीत चेहरे पाहून ते हेलावले. पाव मोडून तोंडात टाकला, डोळे मिटले. "इतकी माया असलेल्या घरचाच पाव देवीला..." ते म्हणत होते, तोच मिऊ आळस देत बाहेर आली आणि बुवांच्या पायावर बसून अंग चाटू लागली.

अख्खी गल्ली मिऊकडे बघू लागली. हारवाच्या तोंडचं पाणी पळालं.

"बुवा, चुकलो! भुवया भट्टीत जळल्या. काम जाईल म्हणून बोललो नाही!"

बुवांनी शांतपणे दुसरा पाव उचलला. "पाव झकास आहे. काम तुझं. आणि भुवयांचं काय घेऊन बसलास? आमच्याकडे बघ!"

हारवाने आत्ता कुठे नीट पाहिलं. बुवांच्या डोक्यापासून पायापर्यंत औषधाला केस नव्हता!

"मंदिरात देवीच्या भट्टीवर उभं राहायचं तर अंगावर केस चालत नाही. तुझ्या भुवया उद्या आम्हीच काढल्या असत्या." मग ते ताबेसकडे वळले. "पण बाई, तुम्ही का काढल्या?"

ताबेसने नवऱ्याकडे रोखून पाहिलं. वस्तरा अजून तिच्या हातातच होता.

"बरं, कामाबद्दल काही विचारायचंय?" बुवांनी हारवाला विचारलं.

हारवाने बायकोकडे बघितलं.

"एकच. राहायची सोय मंदिरातच आहे ना? आजपासूनच?"