उस्मानभाईंचा पाव्हणा

उस्मानभाईंचा खेकडा माझ्या हातून मेला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही.

घाटंजीत माझं कृषी केंद्र आणि शेजारी उस्मानभाईंचं गाड्या दुरुस्तीचं दुकान. बायको गेल्यापासून ते दुकानातच राहत. शटर पुरतं उघडं असलं तरी आत शिरायचे आडवे. मी विचारलं तर म्हणाले, "सरळ घुसनारा मानूस कोनाच्या ना कोनाच्या पायावर पाय देतेच, भाऊ. खेकडा देते का?"

कापसाच्या गाठींच्या ट्रकवर मेकॅनिक म्हणून ते एकदा कोकणात गेले होते. ट्रक खाडीकाठी बंद पडला. ओहोटीच्या चिखलात बोटाएवढे खेकडे, नजर पोचेल तिथवर. प्रत्येकाची एक नांगी अंगापेक्षा मोठी, आणि सगळे ती वरखाली हलवत होते.

"मलेच बलावून राह्यले होते, भाऊ. इतक्या जनांनी मले जिंदगीत नाही बलावलं."

"आणि ट्रक?"

"ट्रक राह्यला तसाच. मालकानं मले काढून टाकलं."

येताना त्यांनी किनाऱ्यावरचा, शंखात राहणारा एक खेकडा ओल्या वाळूसकट जेवणाच्या डब्यात आणला. त्याचं नाव पाव्हणा. टायरच्या ट्यूबा बुडवायच्या टबात वाळू भरून त्याचं घर मांडलं.

त्या वर्षांत आमच्याकडे कापसाच्या भावाशिवाय बोलणं नव्हतं, आणि फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली होती, म्हणून औषधाचं नाव काढलं की लोक विषय बदलत. अशाच एका दुपारी पाव्हण्यानं घर बदललं. जवळ ठेवलेला मोठा शंख नांगीनं चाचपला, आणि जुन्यातून उघडाच बाहेर आला. मागचं अंग मऊ, वळलेलं, नुकत्या जन्मलेल्या पोरासारखं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नव्यात शिरला. पाठीवर पंप घेतलेली माणसं श्वास रोखून उभी होती. मीही. भावाचा विषय त्या दिवशी पुन्हा निघालाच नाही.

पुढे उस्मानभाई लेकीकडे आर्णीला गेले. "वाळू ओली ठेवजा, मीठ टाकून. अन तो खाली गेला तर उकरू नका. कात टाकते तवा वाळूत गाडून घेते. उकरलं का मरते."

पाणी मी माझ्याच दुकानातल्या मगानं घातलं. औषध मोजायचा मग. चांगला धुतला होता. सकाळी पाव्हणा शंखाबाहेर सैल पडलेला दिसला. मी त्याला शंखासकट मागच्या निंबाखाली पुरलं.

"पाव्हना कुठी?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"वाळूत," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा फुलला. त्या दिवसापासून हातोडीला फडकं गुंडाळलं, रेडिओ बंद केला. कोकणाकडे जाणाऱ्या प्रत्येकाला शंख आणायला सांगू लागले, मोठा, कारण पाव्हणा वाढून वर येणार. टबाच्या कडेला शंखांची रांग लागली. त्यातला एक मी आणलेला आहे.

परवा एका गिऱ्हाइकानं चिडवलं, "उस्मानभाई, कधीचा मेला असन तो. कायले वाट पाहता?"

"असन," ते म्हणाले. फडकं गुंडाळलेली हातोडी थांबली नाही. "पन घरात कोनी निजलं हाये, असं समजलं का बरं वाटते."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्यांना खरं सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.