बारा नंबरची चासी

गाडी चालवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या कौलूनमध्ये कुणी नाही! म्हणूनच बोटीतून उतरलेली नवी चासी धक्क्यावरून आमच्या बस डेपोत आणायचं काम डेपोचे मुख्य याऊ साहेबांनी मला दिलं. म्हणाले, "नव्या गाडीच्या पूजेचा मुहूर्त सव्वाअकराचा आहे, लाम. सगळं सुरळीत झालं तर आजच तुला ड्रायव्हर म्हणून कायम करतो. नाहीतर परत गाड्या धुवायला जा!"

चासी म्हणजे बसचा नुसता सांगाडा. दोन लांब लोखंडी पट्ट्या, चाकं, इंजिन आणि माझ्यापुरती सीट. वरचे दोन मजले आमच्याकडे चढवायचे.

"हिचं माहेर विलायत, पण बनवलीच परदेशी धाडायला," बाजूच्या फळीवर बसलेले आमचे जुने मेकॅनिक चाँग उस्ताद सांगत होते. पूजेसाठी भाजलेलं अख्खं डुक्कर त्यांच्या मांडीवर. "हिचा आजा आफ्रिकेत खडी वाहणारा ट्रक होता. ऊन, खड्डे, ओझं, सगळं सोसते बिचारी."

बोटीतल्या नगांत हिचा नंबर बारावा. डेपोत घोळ नको म्हणून मीच पुढच्या फळीवर खडूने भलामोठा आकडा लिहिला होता, १२.

शाम शुई पोच्या सिग्नलला थांबलो. शेजारीच बसचा थांबा. कोबीची पिशवी घेतलेली एक आजी सरळ मागच्या पट्टीवर चढून बसली!

"आजी, उतरा! ही बस नाही!"

"पुढे बारा लिहिलंय ना? पाऊण तास उभी आहे मी!"

"अहो, हिला छप्पर नाही, खिडक्या नाहीत!"

"मग वारा छान लागेल. चल!"

तिच्यामागून आणखी अकरा जण चढले. घड्याळात अकरा वाजले होते, माझे मात्र तिथेच बारा वाजले! सिग्नल सुटला. मागून हॉर्नचा कल्लोळ. चौकातला पोलीस शिट्टी फुंकत धावत आला. म्हटलं, सुटलो, हा उतरवेल सगळ्यांना.

"आत सरका, आत!" तो प्रवाशांवर ओरडला आणि मला पुढे जायचा हात दाखवून मोकळा झाला.

जीव मुठीत धरून निघालो. कुणी पडलं तर?

"उस्ताद, माणसं धरा हो!"

"मग डुक्कर कोण धरणार?"

मागून आजी छत्रीने पट्टी बडवत होती. "थांबव! माझा थांबा आला! अरे, थांबव की!"

मी कसला थांबवतोय! तिथे आणखी वीस जण उभे होते.

अकरा चौदाला डेपोत शिरलो. उदबत्त्या पेटलेल्या, साहेब डुक्कर कापायला सुरी घेऊन उभे. बाराही जण शिस्तीत उतरले. आजी तरातरा त्यांच्यापुढे गेली आणि तिने सगळं सांगितलं.

साहेब माझ्याकडे वळले. "चासीवर माणसं आणलीस, ते एक वेळ समजू शकतो. गर्दी असतेच. पण लाम, तू थांबा सोडलास?"

सध्या मी गाड्या धुतो. धुण्यात मात्र माझा हात धरणारा खरंच कुणी नाही!